जेवण झालं कां, सहा नंबर?

विहिरीचं झाकण उघडलं की सेतुराव आधी वाकून तिला विचारायचे, "जेवण झालं कां?" मग कान देऊन थांबायचे. विहीर म्हणजे तरी काय, जमिनीत खोल उतरवलेला वीतभर रुंदीचा पाइप. एग्मोरला एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या जागेवर असे आठ पाइप होते. जुनी टाकी गळून पेट्रोल भूजलात उतरलं होतं. ते उपसायचं आणि पाणी निवळलं का ते मोजत राहायचं, हे आमचं काम.

मी नाशिकहून या तमिळ मुलखात आलेली, एम.टेक. झालेली इंजिनियर. सेतुराव तंजावरी मराठी, साधे तंत्रज्ञ, निवृत्तीला टेकलेले. आणि तरी साहेबांपासून वॉचमनपर्यंत जो तो मलाच विचारणार, "सेतु सार कुठे आहेत?" अरे, मी समोर उभी आहे ना! अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यांची मराठीसुद्धा मला खुपायची. 'सगळं'ला म्हणे 'अस्कं', आणि वर तो तमिळ हेल! शेजारच्या खाणावळीच्या कामाक्षीअम्मा त्यांच्यासाठी ताजं डिकॉक्शन काढून कॉफी आणायच्या. मला मात्र थर्मासमधली.

या कामाक्षीअम्मांची बोअर आमच्यामुळेच बंद होती. टँकरच्या पाण्यावर खाणावळ कशीबशी चालली होती. पाणी शुद्ध आहे असं आम्ही लिहून दिलं की बोअर सुरू होणार होती.

इकडचा हिवाळ्याच्या तोंडचा पाऊस सुरू होण्याआधीच सेतुरावांनी मला बजावलं होतं, "पावसानंतरचं माप खरं मानू नको म्मा. पाणी वर चढतं, पेट्रोल खाली मातीत अडकून बसतं. अस्कं स्वच्छ दिसतं. चित्रै महिन्यात, भर उन्हाळ्यात पाणी उतरू दे, मग बघ." मी मान डोलावली होती.

डिसेंबरात ते मुलीच्या लग्नासाठी तंजावरला गेले. मी एकटीने आठही विहिरींत फीत सोडली. पेट्रोल लागलं की ही फीत वाजते. कुठेच वाजली नाही. सेतुरावांचे शब्द आठवत नव्हते असं नाही. चांगले आठवत होते. पण ते परत यायच्या आत हे काम माझ्या नावावर संपायला हवं होतं. मी 'जागा शुद्ध' असा अहवाल लिहिला, खाली एकटीची सही केली आणि साहेबांकडे दिला.

दुसऱ्याच दिवशी सेतुराव लग्नाचे लाडू घेऊन हजर. साहेबांच्या टेबलावरचा अहवाल त्यांनी उभ्याउभ्या वाचला. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग साहेबांना म्हणाले, "हा कच्चा आहे सार. चित्रैचं माप घेऊनच पाठवायचा, असं आम्ही दोघांनी ठरवलंय."

दोघांनी! मला वाचवलं, तेही इतक्या सहज. त्या दिवशी मी त्यांच्यावर जितकी जळले तितकी कधीच जळले नव्हते. त्यांचा लाडूसुद्धा खाल्ला नाही.

चित्रैत, मे महिन्याच्या सुरुवातीला पाणी उतरलं आणि सहा नंबरच्या विहिरीत फीत वाजली. चांगलं दोन बोटं पेट्रोल होतं. सहा नंबर म्हणजे खाणावळीच्या भिंतीलगतची. माझ्या सहीवर बोअर सुरू झाली असती, तर ते पाणी सांबारात गेलं असतं. पुढे वर्षभर आम्ही उपसत राहिलो. पुढच्या चित्रैत पाणी उतरल्यावरही एकही विहीर वाजली नाही, तेव्हा कुठे बोअर सुरू झाली.

सेतुरावांच्या निरोपसमारंभाला जेवण कामाक्षीअम्मांकडचंच होतं. साहेब भाषणात म्हणाले, "त्या डिसेंबरात या दोघांनी दाखवलेला संयम विसरता येणार नाही." टाळ्या पडल्या. त्यातल्या अर्ध्या माझ्या होत्या, आणि मला त्या सहन होईनात. मी उठले. "संयम एकट्या सेतुरावांचा होता. मला सगळं माहीत होतं, तरी मी सही केली होती. त्यांच्यावर जळत होते म्हणून."

सेतुराव हळूहळू माझ्यापाशी आले, किंचित वाकले आणि विचारलं, "जेवण झालं कां?"

मग कान देऊन थांबले.

"नाही," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.