खोळ घेतलेला गोसावी

हिवाळ्यातली ती सकाळ काही केल्या विसरता येत नाही. नव्वदच्या दशकात औंधकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हजेरी चालू असतानाच जवळच्या गावचे पोलीस पाटील आले.

"सायेब, देवळात एक म्हातारा गोसावी उतरलाय. भिक्षा मागत न्हाई, नुसता जमादाराच्या घराभवती घुटमळतोय."

हा जमादार इंग्रजी अमदानीतल्या पोलिसातला, ऐंशी ओलांडलेला. गोसाव्याला ठाण्यात आणला. अंगझडतीत झोळीतून धार लावलेली सुरी निघाली. काहीही विचारलं तरी हिंदीतून एकच उत्तर, काशीचा साधू आहे. असली माणसं दटावून बोलत नाहीत, हे मला अनुभवाने ठाऊक होतं.

म्हातारा कुडकुडत होता म्हणून हवालदाराने त्याला घोंगडी दिली. त्याने एका झटक्यात तिचं टोक दुमडून खोळ केली आणि डोक्यावर घेतली. आमच्या दुष्काळी भागातल्या मेंढक्यांचीच ती पद्धत. हवालदार स्वतः धनगर. तो हसला, "आवं बाबा, काशीत मेंढरं राखता व्हय?"

म्हाताऱ्याने खोळ उतरवली आणि तो गावच्या बोलीत बोलू लागला.

"बेचाळीसात म्या भूमिगत झालो. माजा पत्ता काढाय जमादारानं बाला ह्याच ठाण्यात मारला. बा मेला. आईम्होरं कुटल्या तोंडानं जानार? परतलोच न्हाई. औंदा काशीत आपल्याकडचा, विट्याचा एक सोनं गाळनारा भेटला. म्हनला, जमादार अजून जिता हाय."

"मारायला आलात?"

"व्हय. गोरं गेलं, पर त्येंचा हात हितंच ऱ्हायला."

मी प्रतिबंधक कारवाईचे कागद करायला सांगितले. तेवढ्यात, बातमी ऐकून, सुनेच्या आधाराने जमादारच ठाण्यात आला. मी दोघांच्या मध्ये उभा राहिलो.

जमादार म्हणाला, "हुकूम गोऱ्या सायबाचा हुता. काठी माजी हुती."

 गोसाव्याने विचारलं, "बा काय म्हनला?"

"शेवटपातुर एकच. पोरगं कुटं हाय, ठावं न्हाई."

"ठावं हुतं त्येला," गोसावी म्हणाला. "रानात मला भाकरी त्योच आनून द्यायचा." आणि तो लहान मुलासारखा रडू लागला. माझेही डोळे भरून आले.

दंडाधिकाऱ्यांनी त्याला हमीवर सोडलं. सुरी त्याने परत मागितली नाही.

पुढे माझ्या ठाण्यात चौकशीसाठी आणलेल्या कुणाच्याही अंगाला मी हात लावू दिला नाही. समोरचा माणूस गप्प बसला की मनात यायचं, हा आपल्या पोराला तर वाचवत नसेल?