वरच्या खिशातला शब्द

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे मी आजही मान ताठ ठेवून सांगतो, आणि का सांगू नये? कऱ्हाडजवळच्या मलकापूरपासून सायकलीनं अर्ध्या तासावर आमचं गाव. तिथून सांगलीला गेलो, सकाळी हळदीच्या अडत दुकानात काम केलं, दुपारी कॉलेज केलं आणि बी. ए. झालो. कुणाची शिफारस नव्हती. पण पदवीच्या आधीच्या वर्षी, त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमाराला, मी एक गोष्ट केली. ती मान ताठ ठेवून सांगता येत नाही, म्हणून इतकी वर्षं सांगितलीच नाही.

सुरुवात इंग्रजीपासून झाली. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी मला उभं केलं आणि वडील काय करतात ते इंग्रजीत सांगायला लावलं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन ते शेती बघत होते. एवढंच सांगायचं होतं. मी 'माय फादर' म्हणालो आणि थांबलो. पुढचं येईना. मागच्या बाकावरून एक सांगलीकर म्हणाला, "फादर हरवले वाटतं!" वर्ग हसला. प्राध्यापक तसे चांगले होते, पण तेही हसले. त्या दिवशी मी ठरवलं, ह्या पोरांना डिक्शनरी उघडावी लागेल असलं इंग्रजी शिकायचं. नीट बोलायला शिकायचं, असं काही ठरवलं नाही. चुकलं ते तिथूनच.

डिक्शनरी रद्दीच्या दुकानात मिळाली. पुढची पानं फाटलेली होती, ती 'सी'च्या मध्यावर सुरू व्हायची. ए आणि बीचे अवघड शब्द माझे अजून कच्चे आहेत ते त्यामुळं. अडत दुकानात पोत्यांना बांधायच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या असत. त्यातल्या खराब झालेल्या मी मागून घ्यायचो. कोऱ्या बाजूला शब्द, खाली मराठी अर्थ. बोटं हळदीची, त्यामुळं चिठ्ठ्याही पिवळ्या व्हायच्या. रोज दहा शब्द. नव्या चिठ्ठ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात. नुसता पाठ झाला म्हणजे शब्द आपला झाला, असं मी मानत नसे. तो एकदा तरी खऱ्या कामात वापरायचा. वापरला, की चिठ्ठी पँटच्या खिशात. मग तो माझा.

संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसून मी चिठ्ठ्या पुटपुटत असे. तिथं एक म्हातारा म्हशी धुवायला यायचा. एकदा त्यानं विचारलं, "कसला मंत्र रं ह्यो?"

"इंग्रजीचा."

"मग ह्या म्हशीला म्हणून बघ. पान्यातनं भाईर येती का ते बघू."

म्हैस काही आली नाही. आणि असले शब्द वापरायचे तरी कुठं? खोलीवरच्या पोरांत वापरले की ती टिंगल करत. राहिलं गाव. शिकलेल्या पोरानं गावाचे कागद लिहायचे ही आमच्याकडची रीतच. सुट्टीत घरी आलो की कुणाचा अर्ज, कुणाचं पत्र, सगळं माझ्याकडं यायचं. आबा अंगणात बसलेले असायचे. माणूस दिसला की म्हणायचे, "बसा, आमचं पोरगं लिवून देतंय." ते वाक्य म्हणताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आलो तर शेजारची म्हातारी अंथरुणाला खिळलेली. तिला मी आत्ती म्हणायचो. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. तिचा एकुलता मुलगा फौजेत, तिकडं पठाणकोटच्या पुढं. अख्खी आळी त्याला फौजीच म्हणायची. तिला एकच घोर होता, की डोळे मिटायच्या आत त्याला बघायचं. खाट तिनं दाराकडं तोंड करून घ्यायला लावली होती. सकाळी फाट्यावर कऱ्हाडची एसटी थांबली की तिथला हॉर्न घरात ऐकू यायचा. तो वाजला की ती मान वळवायची.

"तार कर बाबा त्याला," ती मला म्हणाली. "तू शिकलेला हाईस."

आमच्या भागात घरोघरी फौजी. त्यामुळं तार कशी करायची हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं. 'मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.' ह्या तारेवर रजा मिळायची. म्हणून उसाची लागण असो, भावकीचं भांडण असो, नाहीतर बहिणीचं लग्न, तार तीच जायची. आबांच्या नोकरीत गावानं माझ्या आजीला सात वेळा सीरियस केलं. सातही वेळा आबा घाबरेघुबरे घरी आले, तेव्हा ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती.

सोमवारी सकाळी आबांना सायकलच्या कॅरियरवर घेऊन मी कऱ्हाडच्या तार ऑफिसात गेलो. फॉर्म घेतला. आबा म्हणाले, "शिरियस घाल."

मी लिहिलं, 'मदर्स कंडिशन प्रिकेरियस.' आणि फॉर्म खिडकीत सरकवला.

आतल्या कारकुनानं तो वाचला, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "फौजेच्या तारा मी रोज पाठवतो," तो म्हणाला. "सीरियस लिहा. तिथं तेवढंच कळतं."

"सीरियसवर आता कोण विश्वास ठेवतंय?" मी म्हणालो. "निम्म्या तारा खोट्या असतात. ही खरी आहे, तर शब्द पण वेगळा पाहिजे."

आबा म्हणाले, "लेका, कंपनीतला क्लार्क शिरियस बघितलं की पळत सायबाकडं जातोय. बाकीचं त्यो बघत न्हाई. माझं ऐक."

"आबा, तुमचं इंग्रजी लेफ्ट-राइटपुरतं. तुमास्नी न्हाई कळायचं ह्यातलं."

कारकुनासमोर म्हणालो. मागं रांगेत चार माणसं होती, त्यांच्यासमोर म्हणालो. खिडकीच्या कट्ट्यावर काढून ठेवलेली टोपी आबांनी उचलली आणि डोक्यावर घातली. तार गेली.

खोट्या तारांचं जे मी बोललो ते खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतंच. तो शब्द अकरा दिवस माझ्या वरच्या खिशात पडून होता आणि वापरायला जागा मिळत नव्हती. खरं कारण तेवढंच. म्हातारीच्या मरणात मला माझ्या शब्दाला जागा सापडली.

घरी आल्यावर आत्तीनं विचारलं, "काय लिवलंस?"

"तुमी लय आजारी हायसा असं."

"मग येतोय त्यो. ऐकल्या ऐकल्या निघतंय बघ माझं लेकरू."

आबांनी हिशेब सांगितला होता. मंगळवारी तार पोचेल, तो लगेच निघाला तर तीन दिवसांचा रेल्वेचा रस्ता, शुक्रवारी सकाळच्या एसटीनं दारात. शुक्रवारी सकाळी हॉर्न वाजला, आत्तीनं मान वळवली. कुणी आलं नाही. त्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला ती गेली. तोंड दाराकडंच होतं.

रविवारी सावडायला आम्ही कोयनेच्या काठाला गेलो. राख गोळा करून पाण्यात सोडायचं चाललं होतं, तेवढ्यात काळी ट्रंक खांद्यावर घेऊन फौजी उतारावरून आला. फाट्यावर उतरल्या उतरल्या त्याला कुणीतरी सांगितलं असणार. त्यानं ट्रंक खाली ठेवली आणि राखेकडं बघितलं. मग वर्दीच्या खिशातून तार काढली. घडी घालून घालून कागद चिरला होता.

"मंगळवारी हातात आली," तो म्हणाला. "क्लार्क म्हणला, मदर हाय, पर शिरियस कुठाय? शिरियस न्हाई तर रजा न्हाई. मोठं सायेब भाईर गेल्यालं. मग मी ह्यो कागुद घेऊन तंबू तंबू हिंडलो. कुनाला कळंना. एक म्हणला, पाय मोडला आसंल. एक पंजाबी म्हणला, खुशखबर आसंल, मिठाई दे. दोन दिस मला कळंना, माज्या आईला झालंय काय. गुरवारी सायेब आलं. वाचलं आन् डोक्यावरची टोपीच काढली त्यांनी. तवा कळलं." त्यानं सगळ्यांकडं बघितलं. "कुनी लिवली ही तार?"

मी तोंड उघडलं आणि थांबलो. सांगलीत वर्गात उभा राहिलो होतो तसंच. फक्त ह्या खेपेला मराठीही येईना.

आबा पुढं झाले. "म्या लिवायला सांगितली."

"आबा, तुमी?" फौजी म्हणाला. "तुमी फौजंतलं. तुमास्नी ठावं न्हवतं व्हय?"

"चुकलं रं गड्या," आबा म्हणाले. आणि त्याच्यापुढं हात जोडले.

वीस वर्षं वर्दी घातलेल्या माणसानं पोरवयाच्या शिपायापुढं हात जोडले आणि मी, ज्यानं चूक केली तो, शेजारी उभा राहून नदीकडं बघत होतो.

घरी येताना वाटेत मी विचारलं, "आबा, तुमी का सांगितलंसा तसं?"

ते म्हणाले, "तुजं नाव पुढं आलं आसतं तर उद्यापास्नं कुनी तुज्याकडनं कागुद लिवून घेतलं नसतं. मग शिकिवलं कशाला तुला?"

तार ऑफिसातल्या माझ्या बोलण्याचा त्यांनी तेव्हाही उल्लेख केला नाही आणि पुढंही कधी केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

तेरावं झाल्यावर फौजी परत निघाला. जाताना मुद्दाम आमच्या अंगणात आला. आबा रानात होते. त्यानं ती तार माझ्यापुढं धरली.

"तू कॉलेजात हाईस. ह्या शब्दाचा नीट अर्थ सांग मला. सायबांनी सांगितला, पर माजं ध्यान न्हवतं."

"धोक्यातली," मी म्हणालो. "कधी काय होईल सांगता येत नाही, अशी."

"तशीच हुती व्हय रं आई?"

"व्हय."

"मग आबांनी बरोबरच लिवलं हुतं की. आमीच आडानी." त्यानं तारेची घडी केली, ती वर्दीच्या वरच्या खिशात ठेवली आणि ट्रंक उचलली. फाट्यापर्यंत मी त्याच्याबरोबर गेलो. ट्रंकेची एका बाजूची कडी मी धरली होती. खरं काय ते सांगायला अर्धा मैल रस्ता होता. एसटी आली, तो चढला, आणि मी 'जपून जा' म्हणालो.

सांगलीला परत गेल्यावर सदरा धुवायला काढला तेव्हा ती पिवळी चिठ्ठी वरच्या खिशातच निघाली. माझ्या नियमानं शब्द वापरून झाला होता, माझा झाला होता. पण पँटच्या खिशात टाकायला हात होईना. त्यानंतर चिठ्ठ्या केल्या नाहीत. पदवी मिळाली, नोकरी मिळाली, इंग्रजी बऱ्यापैकी आलं. सांगलीकर पोरांना डिक्शनरी उघडायला लावायचं मात्र राहून गेलं. ज्याला ती तंबू तंबू शोधावी लागली, तो फौजी होता.

गावाचे अर्ज पुढं खूप लिहिले, साध्यात साधे. फौजीही रिटायर होऊन गावी आला, तोही माझ्याकडूनच लिहून घेतो. आबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मागच्या महिन्यात फौजी आला होता. कागद झाल्यावर चहा पीत म्हणाला, "आबा लय मोठा मानूस. जल्मात येकच चूक केली त्यांनी, आन् ती बी माज्या वाट्याला आली." तो हसला. राग कधीच गेला होता त्याचा. मी कपबशी उचलून आत गेलो.

म्हणून हे लिहिलं. फौजीला मराठी वाचता येतं. तार मी लिहिली होती. आबांनी सीरियस घाल म्हणून सांगितलं होतं.