वर गौर, खाली ओटा

त्या चैत्रात मी देवाशी बोलणं टाकलं होतं. यजमान गेल्यानंतरचा तो पहिलाच चैत्र. देवघरात दिवा लागत होता, पण तो सवयीनं. हात आपला वातीकडे जायचा आणि मन दुसरीकडेच असायचं. रायपूरला ब्राह्मणपाऱ्यात आमचं दुमजली घर आहे, खाली आम्ही दोघं राहायचो आणि वर दीर आणि थोरल्या जाऊबाई. आम्ही मूळचे अमरावतीकडचे, पण रेल्वेच्या नोकरीपायी घर इथंच रुजलं. चैत्रगौरीचा झोपाळा दरवर्षी वर जाऊबाईंकडे मांडला जातो. लग्न होऊन आल्यापासून त्या झोपाळ्याची एक दोरी त्या बांधायच्या आणि दुसरी मी.

त्या वर्षी दुसरी दोरी मी बांधली नाही. मला कुणी नको म्हटलं नव्हतं, हे आधीच सांगते, नाहीतर जाऊबाईंवर अन्याय होईल. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या स्वतः दोनदा खाली आल्या. "काहून बसून राहिली इथं? चाल ना वर, लोकायचं काय पाहातं!" असं म्हणत त्यांनी माझा हातसुद्धा ओढला. पण आदल्या वर्षीपर्यंत जिथं मी पुढं होऊन सगळ्यांना कुंकू लावलं, तिथं भिंतीला टेकून बसायचं आणि करंडा आपल्याला ओलांडून पुढं जाताना पाहायचं, हे मला झेपणारं नव्हतं. मी म्हटलं, "मी खालचं पाहते, तुम्ही वरचं पाहा." कामाला मात्र मी मागं नव्हते. सकाळपासून कैऱ्या किसल्या, आंबेडाळ केली, हरभरे उपसून ठेवले, बत्त्यानं वेलची कुटून पातेलंभर पन्हं केलं आणि सगळं वर पाठवून दिलं. मग पदर खोचून ओट्यावर येऊन बसले. रागात माणसाचे हात फार चालतात, हे मला त्या दिवशी कळलं.

आमचा ओटा गल्लीला लागूनच आहे. चार वाजले तरी चैत्रातलं आमच्याकडचं ऊन खाली उतरत नाही. ओट्यावर तेवढी छपरीची सावली होती आणि समोरची गल्ली तव्यासारखी तापली होती. बायका नटूनथटून येत होत्या, मला बघून क्षणभर चेहरा पाडत होत्या आणि जिना चढून जात होत्या. त्यांनी चेहरा पाडला नसता तर बरं झालं असतं. तेवढ्यात एक पांढरी गाडी आली आणि ओट्याच्या अगदी पुढ्यात उभी राहिली. त्यातून नेहा उतरली, दिरांच्या ऑफिसातल्या एका पोरसवदा साहेबांची बायको. मला नमस्कार करून "आंटी, बस दो मिनट में कुंकू लेके आती हूँ" म्हणाली आणि जिन्यानं वर पळाली. गाडी चालूच होती. मला वाटलं, आत नवरा असेल. काचांवर उन्हासाठीचे काळे जाळीचे पडदे होते, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं.

गाडीची घरघर डोक्यात जात होती. काही वेळानं ती आपोआप थांबली तेव्हा मला हायसं वाटलं, हे आज लिहितानाही अंगावर काटा येतो. वर आरतीची तयारी चालली होती, टाळ काढल्याचा आवाज आला. आणि मला एकदम भरून आलं. इतक्या महिन्यांत न बोललेली मी, त्या ओट्यावर बसून मनातल्या मनात गौरीशी कडाकडा भांडले. म्हटलं, एवढी वर्षं तुझी दोरी बांधली, तुला झोके दिले, तुझ्यासाठी कैऱ्या किसता किसता बोटं सोलून घेतली, आणि शेवटी मला दाराबाहेर बसवलंस? माझी जागा कुठं आहे ते एकदा सांगून टाक. आरती सुरू झाली. ती ऐकायची नाही म्हणून मी दार लावून घ्यायला उठले, आणि उठता उठता समोरच्या गाडीच्या मागल्या काचेवरचा पडदा सुटला आणि घसरून खाली पडला. उन्हानं त्याची रबरी टोपी ढिली झाली असणार. त्या काचेतून मला एक इवलासा पाय दिसला. पायात चांदीचा वाळा होता आणि तो पाय हलत नव्हता.

मी काचेशी गेले. मागच्या सीटवर, लेकरांसाठी असते त्या पट्ट्यांच्या खुर्चीत एक वर्ष-दीड वर्षाची पोरगी मान टाकून पडली होती. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. पुढच्या सीटवर कुणीच नव्हतं. मी काच ठोकली, "बाळा, ए बाळा" म्हणून ओरडले. तिनं डोळा उघडला नाही. चारही दारं ओढून पाहिली, सगळी लावलेली. जिन्याशी धावत जाऊन हाका मारल्या, पण वर टाळ्या आणि टाळ यांच्यापुढं माझा आवाज कुठला पोचतोय! आणि वर चढून जायचं तर माझे गुडघे असे, आणि गाडीला पाठ करायचं धाडस होईना. खरं सांगायचं तर दुसरीही भीती होती. गाडी परक्याची. काच फोडली आणि पोर नुसतंच गाढ झोपलेलं निघालं तर? बायका म्हणतील, नवरा गेल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही. एकीकडे जीव, एकीकडे लाज, आणि मी मधे उभी. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आई, आता तूच बघ."

मागून हॉर्न वाजला. एक बाई स्कूटरवर होती, वय माझ्यापेक्षा थोडं कमी, डोक्याला आणि तोंडाला ओढणी गुंडाळलेली, पायाशी ठेवलेल्या पिशवीतून हा एवढा दुधी भोपळा बाहेर आलेला. गाडीनं गल्ली अडवली म्हणून ती चिडलेली होती. पण माझा चेहरा पाहिला आणि तिचा हॉर्न थांबला. स्कूटर तशीच टेकवून ती काचेशी आली. "भीतरी म लइका हे, दाई?" आत लेकरू आहे का, असं तिनं छत्तीसगढीत विचारलं. मी "हव" म्हटलं. तिनं दोन्ही हातांनी काच बडवली, आत टक लावून पाहिलं, आणि तिथंच तिचं ठरलं. कुणाची गाडी, कोण कुठं गेलंय, किती वेळ झाला, यातलं काही तिनं विचारलं नाही. म्हणाली, "उठत नइ ए. लोहा के कुछु हे घर म?"

लोखंडाचं काही. सकाळी वेलची कुटून बत्ता मी दारामागेच ठेवला होता. तो आणून दिला, पण देताना माझा हात अडखळला असावा, कारण ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तैं झन डर. गाडी वाला रिसाही, त मोर ऊपर रिसाही." रागावला तर माझ्यावर रागावेल, तू भिऊ नकोस. ओळख ना पाळख, भर गल्लीत परक्याच्या बोलण्याचा भार आपल्या अंगावर घेणारं माणूस मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. ती पोरीपासून सगळ्यात लांबच्या पुढच्या काचेकडे गेली, तोंड फिरवून कोपऱ्यावर बत्ता हाणला. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्याला काचेचा चुरा आत सांडला. हात घालून तिनं कडी काढली, मागचं दार उघडलं. आतून आलेली धग अजून माझ्या तोंडावर आहे. पट्टे सोडवून मी पोरीला उचललं तेव्हा तिचं अंग हाताला चटका बसावा इतकं तापलेलं होतं.

तिला आत नेऊन आम्ही कूलरपुढं फरशीवर ठेवलं, झबलं काढलं. त्या बाईनं स्वतःच्या तोंडावरची ओढणी सोडली, माठातल्या पाण्यात भिजवली आणि पोरीच्या मानेवरून, काखेतून, पायांवरून फिरवू लागली. मी नुसती "जगदंबे, जगदंबे" करत वारा घालत होते. किती वेळ गेला ठाऊक नाही, मला तो फार मोठा वाटला. मग पोरीचे ओठ हलले, एक बारीक कुरकुर आली, आणि मग ती जी रडली! एवढं गोड रडणं मी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही.

काचेचा आवाज ऐकून एव्हाना वरच्या बायका जिन्यात आणि गल्लीतली माणसं दारात जमली होती. नेहा कपाळावर ताजं कुंकू आणि हातात ओटीचे हरभरे घेऊन धावत आली आणि पोरीकडे पाहून मटकन खाली बसली. हरभरे घरभर सांडले. लगेच लोकांची तोंडं सुटली, कैसी माँ है, आजकालच्या पोरी अशाच. एकानं तर मोबाईल वर धरला. तेव्हा ती बाई उठून दारात आडवी उभी राहिली. "गारी बाद म देहू, पहिली हवा आवन दव!" शिव्या मग द्या, आधी हवा येऊ द्या. तिच्या आवाजात अशी काही जरब होती की मोबाईल खिशात गेला आणि दार मोकळं झालं. दिरांनी आपली गाडी काढली. पोर अजून गरम होती, म्हणून दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. पोरीला पोटाशी धरून नेहा मागं बसली आणि तिला धरून मी.

डॉक्टरांनी पोरीला सलाईन लावून रात्रभर ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी हसतीखेळती घरी सोडलं. त्या रात्री बाकड्यावर नेहा मला हिंदीत सांगत होती. पोर नुकतीच झोपली होती, उठवली तर किरकिर करेल, म्हणून एसी चालू ठेवून ती दुसऱ्या किल्लीनं दार लावून गेली. कुंकू घेऊन लगेच निघाली, तर बायका म्हणाल्या, गौरीच्या घरून तोंड आंबट न करता जातात का कुठं? पन्हं घे. मग डाळ घे. मग आरतीच सुरू झाली, आणि आरतीतून कसं उठायचं? गाडी बंद पडेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. बाळ गाडीत आहे असं सांगितलं तर सगळ्या बोलतील म्हणून ती गप्प राहिली. हे ऐकताना तिच्यावर रागवायचं माझ्याच्यानं झालं नाही. आग्रह आमच्या घरचा होता आणि पन्हं माझ्या हातचं. कुणी वाईट नव्हतं, आणि तरी पोर जाता जाता राहिली.

घरी आल्यावर त्या बाईची चौकशी केली. गाडी निघाल्यावर ती स्कूटर ढकलत गेली, एवढंच समोरच्या पानवाल्यानं पाहिलं होतं. पुढं कितीदा बूढ़ातालाबाच्या भाजीबाजारात मी स्कूटरवरच्या बायकांची तोंडं निरखली, पण ती दिसली नाही. ती देवी होती असं मी म्हणणार नाही. देवी दुधी घेऊन फिरते की नाही मला ठाऊक नाही. पण मी हाक मारली आणि ती आली, एवढं मी स्वतः पाहिलं. गडबडीत इथंच राहिलेली तिची निळी ओढणी धुऊन मी देवघराच्या फळीवर ठेवली आहे. दिवा लावताना तिच्याकडेही हात जोडले जातात.

जाऊबाईंना मी त्या भांडणाचं सांगितलं. गौरीला काय काय बोलले, जागा कुठं आहे म्हणून कसं विचारलं, सगळं. त्या पाटावर बसून आदल्या दिवशी सांडलेले, लोकांच्या पायांबरोबर आत आलेले काचेचे कण लागलेले हरभरे गोळा करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अवं, वर तिच्यापाशी बायाच बाया होत्या. खाली एक पाहिजे होती तिले. तू काय उगाच बसली होती का तिथं?" मी पदर तोंडाला लावून पोटभर रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्या जिन्यावरून गौरीचा झोपाळा घेऊन खाली येत होत्या. माझ्या पुढच्या खोलीत तो ठेवला, एक दोरी स्वतः धरली आणि दुसरी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "बांध. आता हे इथंच राहीन."

तेव्हापासून आमची चैत्रगौर खालीच बसते, दाराकडे तोंड करून. मी आता तिला काही विचारत नाही. तिनं बसवलं तिथं बसते. हळदीकुंकवाच्या दिवशी मीच हट्टानं ओट्यावर असते आणि येणाऱ्या प्रत्येकीला आधी विचारते, गाडीत कुणी नाही ना? काचेला डोळे लावून पाहतेसुद्धा. पोरी हसतात, हसोत बापड्या. यंदा नेहा आली ती लेकीला कडेवर घेऊनच. पोरगी खाली उतरली, वाळे वाजवत ओटा चढली आणि मुठीतले दोन ओले हरभरे माझ्या ओंजळीत टाकून आत गौरीला बघायला पळाली. मी आत वळून पाहिलं. झोपाळा हलत होता.