चाळीस गळ्यांचा सदरा

आमचे टेलरमामू माणसाला नावानं नाही, मापानं ओळखायचे. मी म्हणजे 'छाती अठ्ठावीस'. कुणी लग्नपत्रिका घेऊन दुकानात गेलं, की मामू आधी त्याच्या खांद्यांवर नजर टाकायचे, मग म्हणायचे, "बस बाबा, सोळाचा गळा."

"आभाळाकडं काय बघता?" असंही ते म्हणत. "दुष्काळ आधी कॉलरीत दिसतो. ढिली झाली की समजा, आला."

त्या उन्हाळ्यात गावातल्या सगळ्याच कॉलरी ढिल्या झाल्या होत्या. विहिरीत खरवडायला चिखलही नव्हता, पण कचेरीच्या कागदावर तिला पाणी होतं. म्हणून टँकर नाही. गावकरी तीनदा तालुक्याला जाऊन आले. दर वेळी फाटकावरचा शिपाई म्हणायचा, "एकानंच आत जा." आत गेलेल्याला साहेब म्हणायचे, "तुमच्या एकट्याचीच तक्रार दिसते." इकडे लोक पुण्याची वाट धरायला लागले. मामूंची झोप उडाली. "गाव फुटलं तर मी माप कुनाचं घिऊ?"

मामूंचं दुकान सोसायटीच्या गोदामाला लागून. एक दिवस त्यांनी खताच्या रिकाम्या गोण्या मागितल्या. चेअरमन म्हणाले, "न्या की मामू. सोसायटीत आता दुसरं हाय तरी काय?" आठ दिवस मशीन खडखडत होती. नवव्या दिवशी पारावर सदरा उलगडला. अंग एकच, लांबच लांब. गळे चाळीस, प्रत्येक गळा ज्याच्या-त्याच्या मापाचा. मामूंसकट चाळीस जण त्यात शिरलो आणि तालुक्याला निघालो.

मी तेव्हा अंबाजोगाईच्या कॉलेजातून सुट्टीवर आलेलो, म्हणजे स्वतःला लई शहाणा समजत होतो. माझ्या पाठीवर छापलेलं आलं, 'निव्वळ वजन ५० किलो'. ते तेव्हा खरंही होतं. पुढच्या गळ्यात शेवंताकाकू. गोणी टोचायची, घाम धरायची. तालुक्याच्या रस्त्यावर काकू दर दहा पावलांना ओरडायच्या, "मुडद्या, पाय बघून टाक की!" लिंबाखाली मी दमून मटकन बसलो, तशी अख्खी रांग मागून-पुढून माझ्यावर कोसळली. काकूंनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मामू मात्र धूळ झटकत म्हणाले, "अठ्ठावीस, ह्यात एकट्यानं बसायचं न्हाई. सगळ्यांनी बसायचं, न्हाईतर सगळ्यांनी हुबं ऱ्हायचं."

फाटकावर शिपाई म्हणाला, "एकानंच आत जा."

"एकच तर हाय," मामू म्हणाले. "डोकी कशाला मोजतो रं? सदरा मोज!"

शिपायाला हसू आवरेना. त्यानं फाटक उघडलं. साहेबांच्या खोलीत निम्मा सदराच मावला, उरलेला व्हरांड्यात. साहेबांनी आतल्या-बाहेरच्या चाळीस तोंडांकडे बघितलं आणि मुकाट्यानं सही केली. चौथ्या दिवशी टँकर आला. अर्धाच भरलेला, पण आला.

दोन वर्षांनी पुन्हा पाऊस गेला, टँकर पुन्हा कागदात अडकला. या वेळी गाव थांबलं नाही. कुणी उसाच्या फडावरून परतलंच नाही, काकू लेकीकडे गेल्या, मी पुण्यात नोकरीला लागलेलो. मामूंचा फोन आला, "येतो का रं? तुझा गळा मोकळा हाय."

"रजा मिळत नाही, मामू."

मी रजा मागितलीच नव्हती.

मामू एकटेच सदरा घालून गेले. एकोणचाळीस रिकामे गळे डांबरावर फरफटत. पुढचं मला त्या शिपायानं सांगितलं. या वेळी त्यानं "एकानंच" म्हटलं नाही. उठून मागचं टोक उचलून धरलं. साहेब नवे होते, भले होते. म्हणाले, "चाचा, बसा. दमलात."

मामू म्हणाले, "कसा बसू साहेब? बाकीचे अजून आले न्हाईत."

कचेरी बंद होईपर्यंत ते उभेच होते. टँकर मंजूर झाला, तोवर प्यायला गावात फारसं कुणी उरलं नव्हतं. मामूही त्याच वर्षी गेले. जन्मभर शिवणाऱ्या माणसाला रिवाजाप्रमाणे बिनशिवल्या कफनात ठेवलं. मी तेव्हाही पोचलो नाही.

परवा गावी गेलो, तर गोदामाच्या कोपऱ्यात सदरा घडी करून ठेवलेला. माझा गळा शोधला. पाठीवरचे पन्नास किलो आता नुसत्या पोटाचे झालेत, तरी डोकं कसंबसं आत गेलं. पाय दुखायला लागले. आजूबाजूला एकही माणूस नाही, बसलो असतो तर कोसळायला कुणी नव्हतं.

पण बसवेना.