श्वासबाईचं पाणी

दवाखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. एक्स-रेच्या खोलीत बावीस वर्षं ती एकच सांगत आली होती, "श्वास घ्या, रोखा, सोडा." म्हणून ती श्वासबाई.

फोटोत काय दिसलं ते पेशंटला सांगायची तिला परवानगी नव्हती. कुणी खोदून विचारलं तर ठरलेलं उत्तर, "डॉक्टर सांगतील." पण बाईचं काळीज काही दगडाचं नव्हतं. फोटोत वंगाळ दिसलं की ती त्या माणसाला बाकावर बसवायची आणि पाण्याचा ग्लास हातात द्यायची. ज्याचं चांगलं, त्याला पाणी नाही. त्यानं सरळ घरी जावं. ही खूण फक्त तिला आणि पंधरा वर्षं तिच्या जोडीला असलेल्या टकल्या दादाला ठाऊक होती.

तर अशा ह्या बाईला खोकला लागला. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. चौथ्या महिन्यात कपडे खुंटीला अडकवल्यासारखे दिसायला लागले. मशीन चार पावलांवर होतं आणि बाई त्या चार पावलांना भीत होती. दुसऱ्यांच्या छात्या वाचता येणाऱ्या माणसाला आपलीही वाचता येते, हीच पंचाईत.

रविवारी चर्चमध्ये ती साऱ्या आजाऱ्यांसाठी मोठ्यानं प्रार्थना करायची आणि स्वतःच्या खोकल्याबद्दल मूग गिळून बसायची. घरी मात्र रोज गुडघे टेकून म्हणायची, "प्रभू येशू, धुळीचा खोकला असेल तर उत्तमच. दमा असला तरी चालेल. पण ते दुसरं नको."

एकदा ही प्रार्थना ऐकून सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, प्रभूला फॉर्म भरायला देतेस काय? यातल्या एकावर खूण करा म्हणून?"

"तसं नाही, आई."

"त्याला तुझ्या छातीतलं बघायला मशीन लागत नाही. भीती वाटते ना?"

"नाही हो."

"खोटं बोलतेस. तेही गुडघे टेकून!" म्हणाल्या आणि राहिलेली भाजी चिरायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी पेशंट यायच्या आत बाई दादाला म्हणाली, "माझा एक छातीचा काढ."

"काढतो. चार महिने तुझा खोकला ऐकून कान किटलेत माझे. उभी राहा."

तिनं प्लेटला छाती लावली. प्लेट थंडगार होती. बावीस वर्षं लोक तशी कुरकुर करायचे आणि ती म्हणायची, एवढं काही नाही. लोकांचं खरं होतं.

"श्वास घे. रोख."

खोकला आला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही. बाईनं कपाळ प्लेटला टेकवलं.

"प्रभू, मला भीती वाटते. आत काय आहे ते तुला दिसतंय. जे असेल ते असो, तू बरोबर राहा."

एवढंच. ह्या खेपेला पर्याय दिले नाहीत.

"कुणाशी बोलतेस?" दादानं पडद्यामागून विचारलं.

"तुझ्याशी नाही. काढ आता."

श्वास टिकला.

दादाला बाहेर यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. आला तेव्हा त्याच्या हातात पाण्याचा ग्लास होता.

"बस," तो म्हणाला. "बघायचाय का फोटो?"

"डॉक्टर सांगतील."

आता भीती येईल म्हणून बाई वाट बघत बसली. आली नाही. ग्लासातलं पाणी हलत नव्हतं, हे तिनं नीट निरखून बघितलं, कामाची सवय. मग ग्लास रिकामा केला आणि म्हणाली, "अजून आहे?"

डॉक्टरांनी थुंकी तपासली आणि सांगितलं : क्षय. सहा महिने गोळ्या, सुरुवातीला घरी बसायचं. "आधी आला असतात तर एवढं पसरलं नसतं," हेही सांगितलं. दुसऱ्यांच्या बाबतीत हे वाक्य बाईनं कैकदा ऐकलं होतं.

घरच्यांचीही तपासणी झाली. सासूबाईंचा फोटो स्वच्छ निघाला. दादानं त्यांना जायला सांगितलं तेव्हा त्या दारातच उभ्या राहिल्या.

"माझ्या सुनेला दोन ग्लास पाणी आणि मला एकही नाही? म्हाताऱ्या माणसाला विचारायचीही पद्धत नाही इथं!"

ही तक्रार घरी बाईच्या कानावर आली. ती बराच वेळ हसली, पण तक्रार विसरली नाही.

कामावर परत आली तेव्हा तिनं पाण्याचा जग दाराशी ठेवला. आता जो येईल त्याला आधी पाणी, मग फोटो. वर सांगते, "प्लेट गार आहे. भीती वाटत असेल तर वाटते म्हणा." 'घ्या' आणि 'रोखा' यांच्यामध्ये तिचे ओठ जरासे हलतात. त्यामुळं रांग थोडी लांबते.

"सगळ्यांनाच पाणी दिलंस," दादा कुरकुरला, "तर ज्याचं वाईट आहे त्याला कळायचं कसं?"

"डॉक्टर सांगतील," बाई म्हणाली आणि पुढच्याला आत बोलावलं.