मेलेलं ओढायचं नाही

देवमासा मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. आमच्या डोंगराच्या पायथ्याला कसला आलाय देवमासा. समुद्रसुद्धा मी आयुष्यात मोजून तीनदा पाहिला, तोही कुणाच्या लग्नाला गेले म्हणून, लांबून. तरी गेल्या थंडीत एक देवमासा मेला त्यात माझा हात आहे, आणि ते लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. मी शाळेत गेलेली नाही. मुलगा पहिलीत गेला तेव्हा त्याच्या पुस्तकावरून त्याच्याबरोबरच अक्षरं गिरवली. तेव्हा बोलते तसंच लिहिते, सांभाळून घ्या.

आधी माझ्या बाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गावात ढोर मेलं की ते ओढून नेण्याचं काम आमच्या वस्तीचं. बैल पडलाय असा निरोप आला की जेवत्या ताटावरून उठायचं. मी पाळण्यात होते तेव्हा वस्तीने दीक्षा घेतली, आणि बाने घरी येऊन ढोरं ओढायचा दोर चुलीत घातला. ह्यापुढे ह्या घरातलं कुणी मेलेलं ओढणार नाही, म्हणाला. गावाने ते सुखाने घेतलं नाही. पाणवठ्यावर येऊ देईनात, कापणीला बोलावीनात. मी सात-आठ वर्षांची असेन, तेव्हाचं मला स्वच्छ आठवतं. भर पावसाळ्यात एका मोठ्या घरची म्हैस मेली. दोन माणसं आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. ओट्यावर चढायचा प्रश्नच नव्हता. तुझा बाप ओढत होता, तुझा आजा ओढत होता, तुला काय शिंगं फुटली, असं काय काय बोलली. बा कोयत्याला धार लावत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "ज्याची म्हैस, त्यानं ओढावी."

ओढली त्यांनी. नाकाला फडकी बांधून चौघांनी मिळून डोंगराखालच्या माळावर नेऊन टाकली. आणि मग वरच्या कड्यावरून गिधाडं उतरली. आधी एक, मग पाच, मग मोजता येईनात इतकी. दुपार टळायच्या आत नुसता सांगाडा उरला. वास नाही, माशी नाही. बा आणि मी लांब बांधावर उभे राहून बघत होतो. बा म्हणाला, "बघ गं. आपण करत होतो तेच करतात. पण कुणाच्या हुकमानं नाय."

मला तेव्हा नाही कळलं, पुढे कळलं. आमची खरी सुटका गिधाडांनी केली. ती नसती तर माळावरची घाण गावाला सोसली नसती, आणि माणसं आमच्या अंगणात येतच राहिली असती, दर वेळी जास्त. एवढे उपकार. आणि आम्ही काय केलं? त्यांच्या नावाची शिवी केली. मुलगा लहानपणी घाईघाईने जेवायला लागला की मीच म्हणायची, काय गिधाडासारखा तुटून पडतोस.

ती गेली कधी, ते मला सांगता येत नाही. ह्याची लाज वाटते. घरातलं माणूस गेलं तर वार, वेळ, सगळं लक्षात राहतं. इथे माळावर कुत्री वाढली, घाण वास वस्तीपर्यंत यायला लागला, तेव्हा कुठे ध्यानात आलं की वर कुणी फिरत नाही. अलीकडे लेणी बघायला आलेली एक मुलगी, गळ्यात दुर्बीण, पाणी प्यायला आमच्या ओट्यावर टेकली होती. तिने सांगितलं, ढोरांना दुखण्याचं इंजेक्शन देतात, तसलं ढोर मेल्यावर गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात. मी म्हटलं, म्हणजे आपण विष घातलं की. ती म्हणाली, मुद्दाम नाही घातलं आजी. मुद्दाम नाही. फार सोयीचं आहे ते. पुढे मलाही वापरता आलं.

आता मुलाचं. माझा मुलगा जेसीबी चालवतो. खोपोली-खालापूरकडे डोंगर कापून बंगल्यांचे प्लॉट पाडतात, तिथे त्याचं मशीन असतं. आता लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते, की ज्या उतारावर आम्ही करवंदं काढायचो, जिथे ससे पायातून पळायचे आणि संध्याकाळी भेकर ओरडायचं, तो उतार माझ्याच मुलाने सपाट केला. माझ्या गुडघ्याचं औषध त्यातूनच येतं.

गेल्या थंडीत तो अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर होता, एका रिसॉर्टच्या भिंतीच्या कामावर. सकाळी माझी वंदना आटोपली, पंचशील म्हणून झालं, मेणबत्ती अजून जळत होती, आणि त्याचा फोन आला.

"आई, देवमासा लागलाय वाळूला. जिवंत हाय."

मी म्हटलं, लांब राहा. तो सांगत सुटला. पहाटे ओहोटीला मागे राहिला. एसटीपेक्षा थोडा लहान, पिल्लूच असेल म्हणतात. कोळी लोक अंगावर ओल्या चादरी टाकून बादल्यांनी पाणी मारतायत. श्वास सोडतो तेव्हा कुकरची वाफ सुटल्यासारखा आवाज येतो. बाकीचे फोटो काढतायत, एकाने तर आपल्या पोराला त्याच्या पाठीवर बसवलं. एक बाई हळदकुंकू घेऊन आली, नारळ फोडला, डोक्यावर कुंकू लावलं. "देवमासा ना, मग केला त्याचा देव," असं तो म्हणाला आणि मी हसले. हसले होते, हे मला नको तेव्हा आठवतं.

मग त्याने मुद्द्याचं सांगितलं. कोळी म्हणत होते, मशीन खाली वाळूत आण. देवमाशापासून पाण्यापर्यंत चर मार. दुपारी भरती येईल, पाणी चरातून आत शिरेल, मग सगळे मिळून ढकलू.

"तासाभराचं काम हाय, आई. आणू का?"

पन्नाशीला आलेला माणूस आईला विचारतो म्हणून कुणी हसेल. पण जनावराचं काम आलं की मला विचारायचं, हे मीच घालून दिलेलं. चुलीत घातलेल्या दोराची गोष्ट सांगून सांगून मी त्याला वाढवला.

मी म्हटलं, "हात लावू नको. आज चर मार म्हणतील, उद्या मेला की खड्डा मार म्हणतील. मग ओढायला तुझंच मशीन. ह्याचा आजा ढोरं ओढायचा, हा देवमासे ओढतो, असं कुणी बोललं ना, तर मला तोंड दाखवू नको."

तो म्हणाला, "बरं."

त्याने कोळ्यांना डिझेल संपलंय म्हणून सांगितलं. माझा शब्द राखायला खोटं बोलला. आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याबरोबर बादल्या ओतत राहिला. भरती आली, पण पोटाच्या अर्ध्यापर्यंतच. देवमाशाने दोनदा शेपटी आपटली, आणखी रुतला. दिवस बुडताना तो कुकरचा आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी कुठून तरी दुसरं मशीन आलं आणि त्याला वाळूत पुरलं. मी मुलाला विचारलं, तो मशीनवाला कुणापैकी होता रं? तो म्हणाला, "कोण विचारतंय, आई?"

तिथे आलेल्या सरकारी माणसाने म्हणे सांगितलं, किनाऱ्याला लागलेला बहुतेक वाचत नाही, आधीच आजारी असतो. असेल. शेजारणीही मला तेच ऐकवतात. पण चर मारून मेला असता तर गोष्ट वेगळी. आता मला कधीच कळणार नाही, आणि मुलालाही नाही.

काम संपवून तो घरी आला. आंबोळ्या केल्या होत्या, त्याला आवडतात म्हणून. निम्म्या खाल्ल्या. मग ताटाकडे बघत म्हणाला, "आजोबांनी मेलेलं ओढायचं नाय म्हटलेलं ना? तो जिवंत होता." ताट स्वतः धुतलं आणि पाठ करून पडला. ह्यापेक्षा वाईट तो मला कधी काही बोललेला नाही.

आमच्या भिंतीवर दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांचा कागद आहे, काच लावलेला. प्राणिमात्रांवर दया करायची, ही शपथही बाने दोर जाळला त्याच दिवशी, त्याच तोंडाने घेतलेली. मी तो कागद दर आठवड्याला पुसते. पण आमच्या अपमानाची होती ती शपथ मला पाठ होती, आणि दुसऱ्याच्या जिवाची होती ती नुसती पुसत होते. गावाने माझ्या बाला शिकवलं त्याहून मी मुलाला वेगळं काय शिकवलं? आधी लोक काय म्हणतील ते बघ, जीव मागाहून.

यंदा श्रावणात रस्त्यावर एक म्हैस मेली. त्याच मोठ्या घरची. त्या घरचा नातू आमच्याकडे आला. ह्या वेळी ओट्यावर चढला, खुर्चीत बसला, चहा घेतला, माझ्या मुलाला भाऊ भाऊ म्हणाला. माळावर आता कोण खातंय, कुत्री गावभर हाडं नेतात, पोरांना चावतात, तर मशीनने तेवढा खड्डा मारून म्हैस आत ढकलशील का, असं त्याचं म्हणणं. साठ वर्षांनी तेच काम त्याच घरातून आलं होतं, फक्त चहाच्या कपासोबत.

मुलाने त्याला विचारलं, "मेलीय ना नक्की?"

नातू हसला, त्याला थट्टा वाटली. मुलगा हसत नव्हता. चावी हातात घेऊन माझ्याकडे बघत उभा होता. बाचा कोयता अजून दारामागे आहे, बाची सगळी वाक्यं मला तोंडपाठ आहेत, त्यातलं एक जिभेवर आलंही होतं. मी सवयीने वर कड्याकडे पाहिलं. ढग होते नुसते.

मी चहाचा कप उचलला आणि मुलाला जायला वाट दिली. नको म्हणायचा होता नव्हता तेवढा हक्क मी देवमाशावर संपवून बसले होते.