मधेच थांबलेले हात

माझी आई आणि तिची धाकटी बहीण, दोघी जन्मापासून बहिऱ्या. आई आमच्याकडे केंदूरला असते, मावशी दौंडला, रेल्वे लाइनीलगतच्या वस्तीत. लहानपणी दोघींना कुणी शाळेत घातलं नाही. त्यामुळे बहिऱ्यांच्या शाळेत शिकवतात ती खुणांची भाषा त्यांना येत नाही. त्यांची भाषा त्यांनीच केलेली, शेरडं राखता राखता. जगात ती दोघींनाच येते. आमच्याशी आई बोलते त्या खुणा साध्या असतात: जेव, पाणी दे, उशीर का झाला. मावशी समोर आली की तेच हात इतके भरभर चालतात की मला शब्द सुटासुद्धा करता येत नाही.

दौंडची खूण म्हणजे तळहात पालथा धरून किंचित थरथरवायचा. ती थंडीची खूण आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग एकदा मावशीकडे जमिनीवर पडले होते, तेवढ्यात मालगाडी गेली आणि पाठीखालची फरशी हलली. तेव्हा कळलं.

मी पुण्यातल्या एका ऑफिसचं काम घरून करते. त्यासाठी वायफाय घेतलं, पण त्याचा खरा उपयोग आईनं केला. दुपारची भांडी आवरली की ती स्वयंपाकघरात ओट्यावर पिठाच्या डब्याला फोन टेकवून ठेवायची, कारण बोलायला दोन्ही हात मोकळे लागतात. मावशीचा फोन आला की रिंगऐवजी फ्लॅश लुकलुकायचा, आणि मग तासभर दोघींचं चालायचं.

एके दिवशी राउटरच्या ॲपवर नवीन अपडेट आलं. मी 'हो' दाबलं आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवसापासून आईच्या फोनवर चित्र अडकायला लागलं. आपलं चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो, "हॅलो, हॅलो" करता येतं. त्यांचं चित्र थांबलं की सगळंच थांबतं. मावशीचा हात कपाळापाशी अर्ध्यावर राहिलेला, आणि आई तो हात पुढं सरकायची वाट बघत उभी. मला ते बघवेना.

राउटर बंद करून चालू केला. बाहेरच्या खोलीत तो फळीवर होता, तिथून उचलून कपाटावर ठेवला. आईचा फोनही अपडेट केला. कंपनीच्या माणसाला फोन लावला, तर तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडून स्पीड फुल दिसतोय."

"पण व्हिडिओ अडकतोय ना!"

"रीस्टार्ट करून बघितलं का?"

आबा, म्हणजे माझे वडील, दारात बसून ऐकत होते. म्हणाले, "बाहीरच्या खोलीत बसव की तिला. तितं तर तुझं काम झ्याक चालतंय."

आईला बाहेर आणून बसवलं. चित्र खरंच अडकलं नाही. पण थोड्याच वेळात ती फोन उचलून पुन्हा आत गेली. मला आधी राग आला. मग तिनं मला स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बोट दाखवलं आणि स्वतःचे हात उजेडात धरले. बाहेरच्या खोलीत अंधार, तिथं मावशीला तिचे हात नीट दिसत नव्हते.

मग मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातच जमिनीवर बसले आणि दोघींचा कॉल पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. त्यात मला भलतंच काही दिसलं. दोघींनी बोलण्याची पद्धतच बदलली होती. आई एक छोटा तुकडा बोलायची आणि हात छातीशी धरून थांबायची. मावशी तो तुकडा जसाच्या तसा करून दाखवायची. मगच आई पुढं जायची. चित्र अडकलं की परत आल्यावर मावशी मूठ मनगटावर आपटायची. ही खूण मी जन्मात बघितली नव्हती. आईला विचारलं, तर तिनं फोनकडं बोट केलं आणि चेहरा एकदम दगडासारखा करून दाखवला. अडकलं, पुन्हा सांग. आठवड्याभरात त्यांच्या भाषेत एक नवा शब्द जन्माला आला होता, आणि मी शेजारच्या खोलीत असून मला त्याचा पत्ता नव्हता.

"आबा, तुम्हाला ह्यातलं किती कळतं हो?" मी विचारलं.

"लगीन झाल्यापासनं बघतोय," आबा म्हणाले. "कवा कळतं, कवा न्हाई. पर बघत ऱ्हावंसं वाटतं."

तिथं बसल्या बसल्याच माझ्या लक्षात आलं की दर वेळी अडकायच्या आधी फोनवरची वायफायची खूण बारीक होते आणि परत मोठी होते. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरले. आधी आमच्याकडं वायफायची दोन नावं दिसायची, एक वेगवान आणि एक सावकाश; आईचा फोन सावकाशवर असायचा. अपडेटनं दोन्ही एका नावाखाली आणली होती. वेगवान लहर स्वयंपाकघराच्या दगडी भिंतीतून नीट पार होत नाही. फोन ती पकडायचा, ती सुटायची, तो सावकाशवर उडी मारायचा, परत वेगवानकडं जायचा. प्रत्येक उडीला मावशी थिजायची. मी दोन्ही पुन्हा वेगळी केली, सावकाशला 'स्वयंपाकघर' असं नाव दिलं आणि आईच्या फोनला फक्त तेवढंच ठेवलं.

त्या दुपारी फ्लॅश लुकलुकला. आईनं जपून एक तुकडा सांगितला, थांबली. मग दुसरा. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती थांबायचीच विसरली. हात सुटले. पलीकडं मावशीचेही सुटले. एवढी जाड भिंत, त्यापुढं भीमा नदी, उसाचे मळे, सगळं ओलांडून ते हात आमच्या ओट्यावर येत होते आणि एकही बोट मधे राहत नव्हतं.

कॉल संपल्यावर मी आईला विचारलं, काय एवढं बोलत होतात? ती जरा विचारात पडली. मला समजेल असं कसं सांगावं, हे शोधत असावी. मग तिनं दोन बोटं ओट्यावर टेकवली. बोटं लटपटली, फाकली, कोसळली. पुन्हा उठली, पुन्हा घसरली. तिसऱ्या खेपेला थरथरत उभी राहिली आणि टुणकन उडी मारली. मावशीच्या शेजारणीची शेळी व्याली होती. ते करडू मला ओट्यावर लख्ख दिसलं, ओलं अंग, लांब कान. आबाही दारातून उठून आत आले होते. त्यांनी आईला खूण केली, पुन्हा कर.